पाऊण वेगाने

आलंदूर, चेन्नई
११ जानेवारी २००४

चि. नवीन यास त्र्यंबकमामाचे आशीर्वाद. पाकीट उघडलंस म्हणजे निम्मं काम झालं. आशीर्वाद नको असतील तर तेवढे सोडून पुढचं वाच, कारण पुढे काम आहे.

सहा महिन्यांनी लिहितो आहे आणि तेही मराठीत. तुला देवनागरी वाचायला वेळ लागतो हे ठाऊक आहे. लहानपणी मी तुला शिकवायला बसलो की तू 'घ' आणि 'ध' यांना जुळी भावंडं म्हणायचास आणि दोघांना एकच हजेरी लावायचास. म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. तरी एखादा शब्द अडलाच तर आईला विचार, अक्का वाचून देईल.

काम असं. आपल्या कारखान्याचा फुटबॉल संघ, ज्याचा मी अजूनही क्रीडा सचिव आहे, धावेनासा झाला आहे. लीगचे पाच सामने झाले. गोल दोन. एक पेनल्टीवर, दुसरा समोरच्या बचावपटूने मेहेरबानी करून स्वतःच्याच जाळ्यात मारलेला. धावत जाऊन केलेला एकही नाही. मधल्या फळीतून चेंडू डाव्या बगलेला जातो आणि तिथे शेअर ऑटोची वाट पाहणाऱ्या माणसासारखा थांबतो. सेल्वम त्याच्याकडे निघतो खरा, पण मुलीकडच्यांना पत्रिका परत करायला निघाल्यासारखा.

कोच राममूर्ती म्हणतात पायात ताकद नाही. वर्क्स मॅनेजर साहेब म्हणतात नवे बूट वाईट. कँटीनवाला म्हणतो, माझ्या नाश्त्याच्या पोंगलला नावं ठेवू नका. मला कुंभकोणमच्या पाठशाळेत आठ वर्षं न्याय आणि तर्क शिकवला आणि मग उरलेलं आयुष्य मी पंपांच्या डिलिव्हरीची चलनं लिहिण्यात घालवलं. आता कुठे तर्काजोगा प्रश्न हाती आला आहे. पाय आहेत, बूट आहेत, मैदान आहे, धावणं तेवढं नाही. कारण काय?

तू दोन वर्षं उजव्या बगलेवर होतास. चेंडू येवो न येवो, दर वेळी मैदानाच्या टोकापर्यंत जाणारा तुझ्यासारखा दुसरा मी पाहिला नाही. मी तुला एकदा म्हणालोही होतो, 'अरे, चेंडू तिकडे आहे, तू इकडे कोणाच्या लग्नाला चाललास?' तू म्हणालास, 'मामा, मी गेलो की माझ्यामागे दोघं येतात. मग तिकडे जागा होते.' मला ते तेव्हा कळलं नव्हतं. आता तिकडे जागाच होत नाही, तेव्हा कळतंय.

तर तुझं निदान कळव. हा निव्वळ तांत्रिक प्रश्न आहे. जुलैचा विषय मी काढत नाही, तूही काढू नकोस.

श्रीपेरुंबुदूरला कंपनीची बस वेळेवर मिळते ना? शिफ्ट कोणती आहे? अक्काचे गुडघे कसे आहेत?

तुझा
त्र्यंबकमामा


२६ जानेवारी २००४

चि. नवीन,

उत्तर नाही. पोस्ट खात्याला दोष द्यावा असं मनात होतं, पण आपला पोस्टमन रोज दारावरून जाताना आपणहून नकारार्थी मान हलवतो. मी विचारायच्याही आधी. इतक्या तत्पर खात्याला काय बोलणार!

तू बोलला नाहीस म्हणून मी प्रत्यक्ष प्रमाणाकडे वळलो. पंप तपासणी विभागातून स्टॉपवॉच मागून आणलं आणि सरावात एकेकाला शंभर मीटर पळवलं. निकाल ऐक. सगळे गेल्या वर्षीपेक्षा वेगवान आहेत! सेल्वम तर बाराच्या आत. म्हणजे राममूर्तींचा पक्ष पडला. बूटही तेच होते, म्हणजे साहेबांचाही पडला. कँटीनवाला सुटला.

पोंगलच्या सुट्टीआधी मी गेटवर उभा होतो. सेल्वमची बस सुटली होती. हा डबा छातीशी धरून तिच्यामागे असा धावला की मी आपसूक 'पास दे, पास दे' म्हणून ओरडलो. चालत्या बसला लटकला, मागे वळून हसला. आणि त्यानंतरच्या रविवारी हाच मुलगा सामन्यात! सुरुवातीची वीस पावलं बाणासारखी. मग जिथे बचावपटूशी गाठ पडणार, जिथे पाय पुढे टाकायचा, तिथे घरी नळाखाली बादली राहिल्याचं आठवावं तसा मंद. एकटा तोच नाही. सगळेच शेवटच्या पाचसात पावलांत मंद होतात, जणू ठरवून. आम्ही शून्य-दोन हरलो.

घरी ठीक आहे. तुम्ही गेल्यापासून दोन्ही खोल्या मोठ्या वाटतात. भाडेकरू ठेवा असं शेजारचे सुचवतात. मी ठेवलेला नाही. रसम मीच करतो. त्याला रसम म्हणायचं ही माझी श्रद्धा.

जुलैचा विषय काढणार नव्हतो, पण एक खुलासा केलेला बरा. आवडी गावातल्या उपांत्य सामन्यात तू धावला नाहीस म्हणून तुझी चौकशी झाली, त्यात साहेबांनी मला एकच प्रश्न विचारला होता. पायाला दुखापत झाल्याचं त्याने सामन्याआधी कोणाला सांगितलं होतं का? मी म्हणालो, माझ्या माहितीत नाही. त्या गडबडीत, इतक्या लोकांसमोर, मला खरोखर आठवलं नाही. त्रेपन्नाव्या वर्षी माणसाचं असं होतं. पुढे क्रीडा समितीने तुझं प्रोबेशन संपवलं तो सगळा त्यांचा निर्णय. एवढंच सांगायचं होतं.

शेवटची पाचसात पावलं का जड होतात, यावर विचार कर. तुला नक्की सुचेल.

तुझा
त्र्यंबकमामा


९ फेब्रुवारी २००४

नवीन,

परवा ऑफिसात अक्काचा फोन आला. सात महिन्यांत पहिल्यांदा. मी 'हॅलो' म्हणायच्या आत तिने सुरुवात केली.

"त्र्यंबका, तुझं पत्र मी वाचून दाखिवलं त्याला. 'आठवलं नाही' म्हणून लिहिलायस की?"

"हो अक्का. त्या गडबडीत..."

"तेलाची वाटी धरून कोण बसलं होतं रे? मी की?"

माझ्या टेबलासमोर दोन ड्रायव्हर चलनं घ्यायला उभे होते. मी त्यांना हाताने बाहेर जायला सांगितलं. ते गेले नाहीत.

"अक्का, मी..."

"पोदुम, पुरे. आता ऐक."

मग तिने मला बँकेच्या संघाची गोष्ट सांगितली. निवड चालू आहे, घेतलं तर कायमची नोकरी. वय पंचवीसच्या आत हवं, आणि तुला एप्रिलच्या वीस तारखेला पंचवीस पुरी होतात. अर्जाची मुदत एकतीस मार्च. सोबत आधीच्या नोकरीचा दाखला. यानंतर तुला कुठलाच संघ घेणार नाही, मग जन्मभर कंत्राटावर दारं बसवत राहायचं, असं ती म्हणाली. गाड्यांची दारं म्हणत असावी. "दाखल्यावर तुम्ही काय लिहून ठेविलाय ते तुला माहीत आहे," म्हणाली आणि फोन ठेवला.

माहीत आहे. 'सामन्यात जाणूनबुजून कुचराई केल्यावरून सेवेतून कमी.' ही ओळ साहेबांनी सांगितली आणि मी टाइप केली. टंकनाची एकही चूक नाही.

तेव्हा आता खरं लिहितो. तुला ते ठाऊकच आहे, पण मी कुठेच ते लिहिलेलं नाही.

सामन्याच्या दिवशी सकाळी तू आंघोळ करून आलास आणि उजव्या मांडीची मागची बाजू दाखवलीस. लिंबाएवढी गाठ आली होती. मी तेल कोमट केलं, वाटी मांडीवर घेऊन बसलो आणि स्वतःच्या हाताने चोळलं. पट्टी बांधली. तुला पाय सरळ करवत नव्हता. तू म्हणालास, "मामा, राममूर्ती सारांना सांगा ना. मी सांगितलं तर घाबरला म्हणतील. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील." मी म्हणालो, "सांगतो. तू इडली खा."

आवडीला जाताना बसमध्ये मी पुढे बसलो होतो, साहेब आणि राममूर्ती यांच्या मागच्या बाकावर. तोंड उघडणार तेवढ्यात साहेब राममूर्तींना म्हणाले, "उजवीकडे तो सचिवांचा भाचा ना? चांगलं आहे. दमला तर विश्रांती द्यायला मामा आहेतच." दोघं हसले. वाईट अर्थाने नव्हे, बसमध्ये हसतात तसे.

झालं एवढंच. मी उघडलेलं तोंड मिटलं. आठ वर्षं न्याय शिकलेला माणूस मी, माझ्या निःपक्षपातीपणाचा मला केवढा अभिमान! भाच्याची शिफारस केली असं कोणी म्हणू नये म्हणून मी भाच्याचा पाय दिला. सामना सुरू झाल्यावर विसाव्या मिनिटाला तू थांबलास आणि माझ्याकडे पाहिलंस. मी पाण्याच्या बाटल्या मोजत होतो. हाफटाइमला पुन्हा पाहिलंस. मी पुन्हा मोजल्या.

आणि चौकशीत मी 'माझ्या माहितीत नाही' म्हणालो तेव्हा तिसऱ्यांदा. तू तोंड उघडलं असतंस तर मी तिथल्या तिथे खोटा ठरलो असतो. तू गप्प राहिलास. साहेबांनी ती कबुली धरली.

आणखी एक सांगून टाकतो. मी मराठीत लिहितो ते तू अडावंस आणि अक्काने वाचावं म्हणूनच. तिला सरळ लिहायचं धैर्य नव्हतं. तेव्हा अक्का, हे तूच वाचत असशील. वाटी मीच धरली होती.

त्र्यंबक


२३ फेब्रुवारी २००४

नवीन,

तुझ्या तांत्रिक प्रश्नाचं उत्तर मिळालं. तुझ्या म्हणजे माझ्या. तू तर कधी विचारलाच नव्हतास.

परवा आणखी एक सामना हरलो. आज सेल्वमला कँटीनमध्ये गाठलं आणि त्याच्यासमोर सांबारवड्याची बशी ठेवली. लाच म्हण. बोलणं तमिळमध्ये झालं, तुझ्या आईसाठी मराठीत उतरवतो.

"डेय, खरं सांग. धावत का नाहीस?"

"धावतो की, सार."

"बसमागे धावतोस. चेंडूमागे नाही."

तो हसला. "बस चुकली तर मागून दुसरी येते, सार. कोणी पाय पुढे घालत नाही."

"म्हणजे?"

त्याने वडा सांबारात दाबून इतका वेळ धरला की त्याचा लगदा झाला. मग टेबलाखाली पँटचा पाय वर केला. डावा घोटा दुप्पट झाला होता. डिसेंबरपासून, म्हणाला. सरळ रेषेत पळताना कळत नाही, वळताना आणि अडवताना जीव जातो. आई हळद लावते. कोचना माहीत नाही, कारखान्याच्या डॉक्टरला माहीत नाही.

"अरे मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला सांगून काय, सार?" उद्धटपणाने नव्हे. पुढची गाडी किती वाजता असं विचारावं तसं. "नवीन अण्णाने सांगितलं होतं की."

तोच पुढे म्हणाला, "आवडीला जाताना बसमध्ये मी त्याच्या शेजारी होतो. पाय बाकाबाहेर लांब करून बसला होता. मी म्हटलं, अण्णा, कोचना सांग ना. तो म्हणाला, मामांना सांगितलंय, ते बघतील."

"हे आणखी कोणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना, सार."

नवीन, आठ महिने. आठ महिने मी सरावाला गेलो, हजेरी घेतली, संत्री वाटली, शिस्तीवर भाषणं दिली, स्टॉपवॉच घेऊन त्यांना पळवलं. आणि त्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पूर्वी तुझ्यामुळे अख्खा संघ मला मामा म्हणायचा. जुलैनंतर हळूहळू सगळे 'सार' म्हणू लागले. मला वाटलं होतं, वयाचा मान.

सेल्वमने नंतर सगळं समजावून दिलं, अगदी धीराने, मी मंदबुद्धी असल्यासारखं. "आम्ही सहा जण प्रोबेशनवर आहोत, सार. पूर्ण ताकदीने गेलं की कधीतरी काहीतरी तुटणार. खेळ आहे. पण मग ते खरंच तुटलंय असं कोण सांगणार? म्हणून मुक्काल वेगाने धावतो. सगळेच. तेवढ्यात तुटत नाही." मुक्काल म्हणजे पाऊण, हे तुला सांगायला नको.

"कोणी ठरवलं हे?"

"ठरवायचं काय त्यात, सार?"

वड्याबद्दल आभार मानून तो गेला. लंगडत नव्हता. लपवण्यात तो चांगलाच तयार झाला आहे.

त्र्यंबक


८ मार्च २००४

नवीन,

या पंधरा दिवसांत मी काय केलं ते लिहायला लाज वाटते, पण लाजेचं काम या पत्रांत आधीच बरंच झालं आहे.

पर्सोनेलमधल्या माझ्या ओळखीच्या माणसाला म्हटलं, दाखला नव्याने छापून त्यातली ती एक ओळ गाळता येईल का? तो म्हणाला, त्यात काय, उद्या देतो. मी हरखून गेलो. अक्काला तुमच्या घरमालकांकडे फोन केला. वाटलं, शाबासकी मिळेल.

"चोरून काढशील की?" ती म्हणाली. "बँकेने कारखान्याला फोन करून विचारलं, पोरगा कसा होता म्हणून, तर कोण काय सांगेल? फाइलीत काय आहे ते वाचून दाखवतील. मग हा कुचराईखोर आणि वर लबाडही. आणि तुला विचारलं तर तू काय सांगशील? 'माझ्या माहितीत नाही' म्हणून?"

"मग मी काय करू, अक्का?"

"जिथे बसून खोटं बोललास तिथेच जाऊन बस आणि खरं बोल. मला कशाला विचारतोस? शिकलेला तू."

मागून तुझा आवाज आला. शब्द कळले नाहीत. मी तिला विचारलं, काय म्हणतोय? ती म्हणाली, "काही नाही. 'मामांना त्रास देऊ नको' म्हणतोय."

तेव्हापासून झोप नाही की भूक नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. दोन्ही आहेत. म्हणूनच जास्त लाज वाटते.

निवेदनाचे पाच मसुदे केले. पहिल्यात 'सदर बाब निदर्शनास आणून देण्याचे राहून गेले'. दुसऱ्यात 'गैरसमजातून'. तिसऱ्यात माझ्या रक्तदाबाचा उल्लेख आला, जो मला नाही. चौथा उत्तम उतरला होता, भाषा अशी सुरेख की वाचणाऱ्याला वाटावं चूक तुझीच आहे आणि मी ती उदार मनाने पोटात घालतो आहे. पाचव्यात सगळा दोष राममूर्तींवर गेला. पाचही फाडले. सहावा तीन ओळींचा आहे आणि खिशात आहे.

समिती बावीस तारखेला बसते. तुझी मुदत एकतीसची. मधे नऊ दिवस, दाखला तयार व्हायला पुरेत.

चौकशीत खोटी साक्ष दिली तर काय होतं हे मला नेमकं माहीत आहे. इतरांच्या बाबतीत ते मीच टाइप केलं आहे. निवृत्तीला पाच वर्षं आहेत. भितो आहे, हे तुला सांगून ठेवतो. कोणाला तरी सांगायला हवं होतं आणि माझ्याजवळ तुझाच पत्ता आहे.

त्र्यंबक


२६ मार्च २००४

नवीन,

दाखला सोबत आहे. आधी तो नीट वाच, मग हे.

सोमवारी समिती बसली. बूट, जर्सी, पुढच्या हंगामाचा कोच असे विषय झाले. मी म्हणालो, मला निवेदन द्यायचं आहे, पण संघाला आत बोलवा. साहेब म्हणाले, "संघ कशाला?" मी म्हणालो, "त्यांना हे ठाऊक आहे, सार. पण माझ्या तोंडून त्यांनी ऐकलेलं नाही."

पोरं आली आणि भिंतीला लागून उभी राहिली. सेल्वम सर्वांत मागे. मी कागद काढला आणि मग वाचलाच नाही. तमिळमध्ये बोललो. नवीनच्या मांडीला सकाळपासून दुखापत होती. त्याने ती मला दाखवली. मी स्वतः तेल चोळलं, पट्टी बांधली, कोचना सांगतो म्हणालो आणि सांगितलं नाही. चौकशीत विचारलं तेव्हा मला माहीत नाही असं सांगितलं. ते खोटं होतं.

साहेब बराच वेळ पेनाचं टोपण लावत काढत होते. "म्हणजे तुम्ही या खोलीत, या टेबलावर, खोटं बोललात?"

"हो."

"का?"

"माझा भाचा आहे म्हणून त्याची बाजू घेतली असं तुम्ही म्हणाल, याला घाबरलो."

"मी?" त्यांना बसमधलं बोलणं आठवतसुद्धा नव्हतं! मग म्हणाले, "पण तो पोरगा का गप्प बसला? त्याची तर नोकरी जात होती."

"मी त्याचा मामा आहे, सार."

भिंतीजवळ कोणीतरी खोकलं, बस.

ठराव असा. तुझ्या नोंदीतून कुचराईचा शेरा काढला, समितीच्या इतिवृत्तात कारणासह. नवा दाखला, साहेबांच्या सहीचा: 'मांडीच्या स्नायूच्या दुखापतीमुळे शेवटच्या सामन्यात खेळू शकला नाही. वर्तणूक उत्तम.' बँकेने फोन केला तरी आता फाइलीत हेच आहे. तुझी जागा मात्र परत मिळत नाही. ती डिसेंबरात भरली. मी विचारलं, पुन्हा विचारलं, नाही म्हणाले. ते मला करता आलं नाही. मी सचिव राहिलेलो नाही, आणि पंधरा दिवसांत लेखी खुलासा द्यायचा आहे. त्याचं जे व्हायचं ते होईल. अक्काला म्हणावं, रक्तदाबाचा उल्लेख करणार नाही.

बाहेर आल्यावर राममूर्तींनी मला व्हरांड्यात थांबवलं. मला वाटलं आता ओरडतील. तसा हक्क होता त्यांचा, संघ त्यांचा बुडाला. ते हळू आवाजात म्हणाले, "त्र्यंबकराव, तुम्ही मला बसमध्ये एवढंच म्हणाला असतात की त्याचा पाय दुखतोय, तर मी त्याला बसवलं असतं. दुसरा मुलगा तयार होता. मी विचारलंसुद्धा नसतं, तुमचा कोण म्हणून."

आठ महिने मी त्या क्षणाला डोंगराएवढा करून ठेवला होता. तो एवढाच होता रे. तीन शब्दांचा.

काल शेवटचा सामना होता. मी तिकीट काढून प्रेक्षकांत बसलो. आदल्या दिवशी सरावाला चार जणांनी राममूर्तींना आपापली दुखणी सांगितली म्हणे. सेल्वमच्या घोट्याला प्लॅस्टर आहे, तीन आठवडे. त्यामुळे निम्मा संघ राखीव होता. आम्ही शून्य-चार हरलो आणि खालच्या गटात गेलो. तू असतास तर ही वेळ आली नसती, हे मी म्हणत नाही. तिथे बसलेल्या दोघांनी म्हटलं.

सेल्वमच्या जागी जो राखीव मुलगा आला होता, तो मात्र शेवटच्या मिनिटाला, चार गोल मागे असताना, कशासाठी कोण जाणे, पूर्ण धावला. बचावपटूच्या अंगावरून गेला, पडला, उठला. चेंडू सरळ बाहेर गेला होता.

तुझी माफी मागत नाही. मागितली की ती द्यायची की नाही हे ठरवायचं काम तुझ्यामागे लागेल, आणि तुझ्यामागे आता बँकेच्या निवडचाचणीची तयारी आहे. दाखला रजिस्टर पोस्टाने पाठवतो आहे. स्वतः आणून दिला असता तर तुला दार उघडावं लागलं असतं आणि आत ये म्हणावं लागलं असतं. तू म्हणाला असतास. ते मला ठाऊक आहे, म्हणूनच आलो नाही. अर्ज मात्र एकतीसच्या आत टाक, आणि अक्काला पोचपावती जपून ठेवायला सांग.

चाचणीत पाय दुखला तर थांब आणि लगेच सांग. मला नको. तिथल्या कोचना, चार लोकांसमोर, मोठ्याने.

त्र्यंबक